चौथं सरकार का टिकलं

१२ जानेवारी, रविवार

काल प्रभाकरने माझ्या हातची गोळी थुंकली आणि म्हणाला, "ह्या बाईंवर सभागृहाचा विश्वास नाही." चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला 'बाई' म्हटलं नव्हतं. निखिलला फोनवर सांगता येईना. शाळेत कोणाला सांगणार नाही. कुठे तरी ठेवायला हवं, म्हणून लिहायला घेतलं. शाळेच्या मागल्या वर्षीच्या प्लॅनरमध्ये बरीच पानं कोरी आहेत.

यापुढे प्रभाकर = प्र. हात दुखतो.

गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत दोन बारीक गुठळ्या झाल्या, तेव्हापासून उतरण. चालतो, जेवतो, बोलतो. वाचत नाही. शारजातल्या अल मजाजच्या ह्या घराला कधी घर म्हणतो, कधी कॉलेज. आणि आता मला तू म्हणत नाही. तुम्ही म्हणतो. रागावून म्हणाला असता तर समजलं असतं. अगदी सभ्यपणे म्हणतो.

गोळी पुन्हा दिली, पुन्हा थुंकली. शेवटी केळ्यात घालून.

१३ जानेवारी, सोमवार

'सभागृह' कुठून आलं ते मला ठाऊक आहे. सांगलीच्या कॉलेजात दरवर्षी अभिरूप संसद भरायची. त्या वर्षी प्र. पंतप्रधान, मी विरोधी पक्षनेती. त्याचा खादीचा झब्बा, माझा बसलेला घसा. वसतिगृहाच्या जेवणावरून मी अविश्वास ठराव आणला आणि त्याचं सरकार पाडलं. जिन्यात गाठून म्हणाला, "सरकार पाडलंत, आता चहा तरी पाजा." पाजला.

त्यानंतर आयुष्यभर भांडण झालं की मी 'सन्माननीय विरोधी पक्षनेत्या' आणि तो 'सरकार'. 'सरकार, कचरा खाली न्यायचा राहिलाय.' लहानपणी निखिलला वाटायचं, बाबांचं नावच सरकार.

आता थट्टा गेली, पदं तेवढी राहिली.

१७ जानेवारी, शुक्रवार

शाळेला सुट्टी. डॉक्टरकडे नेलं. मल्याळी बाई, वयाने माझ्या विद्यार्थिनीसारखी, हिंदीत बोलते. रक्त पातळ ठेवायची गोळी एकही दिवस चुकता कामा नये, नाही तर पुन्हा गुठळी, आणि पुढची बारीक नसेल. ती कोणाच्या हातून घेतो ह्याला महत्त्व नाही, घेतो ह्याला आहे. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, बहस मत कीजिए. करेक्ट मत कीजिए. वो जहाँ हैं, आप वहाँ जाइए."

मी अख्खी नोकरी दुरुस्त्या करण्यात घालवली. लाल पेन पर्समध्ये असतं. म्हटलं, प्रयत्न करीन.

येताना टॅक्सीत प्र. ड्रायव्हरच्या कानाशी वाकून, "ये अपोझिशनवाली हमारी गाडी में क्यों?" पठाणाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर्वपक्षीय शिष्टमंडळ आहे." प्र. खूश. घरापर्यंत मान डोलावत बसला.

एवढं जमलं तर रोज का जमू नये.

२२ जानेवारी, बुधवार

कपाटातली रेक्झिनची बॅग काढून पुसली. प्र.चं पुस्तक.

शिपिंग कंपनीत असताना त्याचा एक ऑस्ट्रेलियन साहेब देश सोडून जाताना दोन जाडजूड खंड देऊन गेला. त्यांच्याकडच्या दक्षिणेच्या वसाहतीत पहिली संसद बसली, तिथली भाषणं. साहेबाला ओझं नको होतं. ह्याला वेड लागलं. पक्ष नव्हते, नुसती माणसं. आज ह्या बाकावर, उद्या त्या. सरकारं धडाधड पडली. निवृत्त झाल्यावर मराठीत लिहायला घेतलं. मी म्हटलं होतं, "शारजात बसून ऑस्ट्रेलियावर मराठीत? वाचणार कोण?"

"तू. विरोधकांना वाचावंच लागतं."

तीन प्रकरणं झाली आहेत. एकेका सरकारावर एक. पहिलं काही महिने. दुसरं दोन आठवडेही नाही. तिसरं महिनाभर. चौथ्या प्रकरणाचा फक्त मथळा आहे, 'चौथं सरकार का टिकलं'. कारण तीच संसद, तीच माणसं, तीच भांडणं, आणि चौथं मात्र वर्षानुवर्षं चाललं. मी कारण विचारायचे तेव्हा मिशीत हसायचा. "ते शेवटी. आधी सांगितलं तर तू खोडून काढशील."

आज विचारलं. म्हणाला, "प्रश्नोत्तरांचा तास संपला."

१ फेब्रुवारी, शनिवार

सुमनवन्सं आल्या. प्र.ची धाकटी बहीण, व्हिजिट व्हिसावर. निखिलची कल्पना. विमानतळावरून घरी येईतो रडल्या. प्र.ने दारात त्यांना पाहिलं, हात जोडले, आणि 'राज्यपाल' करून टाकलं. राज्यपालांच्या हातून गोळी विनातक्रार घेतली.

वन्सं मला स्वैपाकघरात, "बघितलंस वहिनी? प्रेमाने दिलं की घेतो."

मी भांडी घासत राहिले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गोळ्या नीट चालल्यात. शाळेतून आले की भाऊबहीण बाल्कनीत बसलेली असतात, खाली खालिद लगूनचं पाणी बघत. प्र. त्यांना कृष्णेचे घाट दाखवतो. वन्सं हो हो म्हणतात. मला पाहिलं की तो बोलायचं थांबतो.

वन्संना ह्या मजल्यावर गुदमरतं. "शेजारी कोण राहतं ते तुला तरी माहीत आहे का गं?" माहीत आहे. सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

खिचडीत तूप किती, ह्यावरून. डॉक्टरने कमी सांगितलं आहे. वन्संनी पळी भरून ओतलं. मी ताट उचललं. वन्सं म्हणाल्या, "जन्मभर तू त्याला बोलू दिलं नाहीस, आता खाऊ पण नको देऊ!" मी म्हटलं, "तुम्ही पाहुण्या आहात, पाहुण्यासारख्या राहा." आवाज चढले दोघींचे. प्र. मध्ये उभा राहिला, दोन्ही हात वर. "सभागृह विसर्जित करण्यात येत आहे." आणि खोलीत जाऊन कडी लावली. आत गोळी नाही, पाणी नाही. संध्याकाळी उघडलं.

वन्संच्या हातून परत काही घेतलं नाही. राज्यपालांनी पक्षपात केला म्हणाला. बुधवारचं तिकीट काढलं. रात्री मला धरून रडल्या. मीही त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वाईट बाई नाहीत त्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी पक्षांतर केलं.

दुपारी शाळेतून आले, पर्स खाली ठेवली आणि त्याच्यासमोर उभी राहिले. "माननीय पंतप्रधान, मी विरोधी पक्षाचा राजीनामा दिला आहे. आपल्या पक्षात प्रवेश मागते."

त्याने विचारलं, "अट काय?"

"अट नाही."

"अशी माणसं धोकादायक असतात." मग हळूच, "खातं कोणतं पाहिजे?"

"आरोग्य."

"ते देता येणार नाही. बिनखात्याच्या मंत्री व्हा."

झाले. गोळी 'मंत्रिमंडळाचा निर्णय' म्हणून पुढे केली. घेतली. पाणी प्यायला. ग्लास परत देताना म्हणाला, "धन्यवाद, बाई."

न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले थोडी.

१६ फेब्रुवारी, रविवार

चांगले दिवस. लिहून ठेवते.

लगूनकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, फिरायला नेलं. माझा दंड धरून चालला. गर्दी होती, पोरं स्कूटरवरून अंगावर येत होती, एकदाही हात सोडला नाही. कारंजं सुरू झालं तेव्हा म्हणाला, "हे आमच्या काळात मंजूर झालं." म्हटलं, हो. खारे दाणे घेतले. निम्मे त्याने माझ्या ओंजळीत ओतले. मंत्र्याला इतकं कोणी देत नाही.

डॉक्टर बरोबर होती. फक्त चूक काढायची नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मी चूक काढली.

पोळ्या लाटत होते. प्र. टेबलाशी बसून बोलत होता आणि आज आवाज जुना होता, पूर्वीचा, वाक्य सुरू करून शेवटाला नेणारा. त्या वसाहतीची गोष्ट. कोण कोणावर रुसला, कोण दुपारच्या जेवणापर्यंत इकडे आणि नंतर तिकडे. इतकं सरळ कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मी लाटणं हळू केलं, आवाज नको म्हणून. मग म्हणाला, "दुसरं सरकार महिनाभर टिकलं."

"तिसरं," मी म्हटलं. मागे न बघता. "दुसरं दोन आठवडेही नाही."

तोंडातून गेलं. वर्गात जातं तसं.

मागे वळले तर तो उभा. "आपण कोणत्या बाकावरून बोलता आहात?"

"चुकले. दुसरंच. महिनाभर."

"नाही. आपण तिथेच बसता. पहिल्यापासून तिथेच बसला आहात." ओरडला नाही. फार दुःखाने म्हणाला. "मी आपल्याला मंत्री केलं."

संध्याकाळची गोळी नाही. केळंही नाही. केळ्याची आता त्याला शंका येते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गोळी नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

निखिल मोहम्मद बिन झायद सिटीहून गाडी हाणत आला, बापाला गोळी दिली, चहा घेतला, परत गेला. मुलगा कोण वाटला कोण जाणे, पण घेतली. रोज कसा येईल? मुसफ्फाची साइट सोडून अबू धाबी ते शारजा.

जाताना दारात, "आई, तू एक शब्द गप्प नाही बसू शकलीस?"

"नाही बसू शकले."

२ मार्च, रविवार

काल रोजे सुरू झाले. शाळा लवकर सुटते, बरं आहे. हा आठवडा मधात कालवून, वरणात विरघळवून, कसाबसा.

आज निखिल, रीटा आणि नात इरा आले. रीटा माझी सून, वसईची, हॉटेलात फ्रंट ऑफिसला असते. सारखी हसते, पाहुण्यांसाठी हसायची सवय घरीही सुटत नाही. मला मम्मी म्हणते. मी तिला कधी फार जवळ केलं नाही, तीही आली नाही. जे आहे ते आहे.

जेवताना प्र. माझ्यावर चिडून मोठ्याने भाषण करू लागला. त्यात इराने ताक सांडलं, निखिल तिच्यावर ओरडला. रीटा उभी राहिली, वरणाचा डाव टेबलावर दोनदा आपटला. "गप्प बसा बघू सगळे!"

प्र. जागच्या जागी गप्प. मग लवून नमस्कार केला आणि बसला. "क्षमा असावी, सभापती महोदया."

इरा म्हणाली, "ममा, यू आर मिस्टर स्पीकर!"

नियम मला माहीत आहे. सभापती उभे राहिले की सदस्यांनी बसायचं. रीटा उभी असेपर्यंत तो बसून राहिला, जेवला, गोळी घेतली. रीटा बिचारी शेवटपर्यंत उभी. तिचं ताट झाकून ठेवावं लागलं.

८ मार्च, शनिवार

प्र. पडला.

आंघोळ करून बाहेर येत होता. उंबऱ्याशी ओलं होतं. मी हात पुढे केला. त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःचा हात मागे घेतला. मी पकडेपर्यंत खाली.

फरशीवर कुशीवर पडून, डोळे मिटून म्हणाला, "सरकार पडलं."

मला हसू फुटलं. काय करू. मला हसताना पाहून तोही हसला. दोघं त्या ओल्या फरशीवर बसून हसलो, त्याच्या पंच्याला साबण, माझी साडी भिजलेली. त्या हसण्यापुरता मी कोणत्या बाकावर आहे हे तो विसरला होता. मग उठता येईना तेव्हा घाबरला आणि पुन्हा तुम्ही. "तुम्ही नको. दुसऱ्या कोणाला बोलवा."

इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार, वर आला, त्याने उठवून बसवलं. एक्स-रे काढला. हाड शाबूत. मांडी काळीनिळी. रक्त पातळ असलं की असंच होतं म्हणे, म्हणून पडणंही परवडायचं नाही. गोळी नाही घेतली तर गुठळी, घेतली आणि पडला तर रक्तस्राव. दोन्हीकडे माझा हात मध्ये येतो.

९ मार्च, रविवार

निखिल सोफ्यावर बसला नाही. उभ्यानेच. "आई, खलास. बाबा आमच्याकडे येतात."

"आणि मी?"

रीटाकडे बघितलं त्याने.

रीटा म्हणाली, "मम्मी, तुम्ही पण कधीही या ना. तुमचंच घर आहे. पण डॅडींनी तुम्हाला बघितलं ना, की..."

"वाक्य पुरं कर."

"तुम्हाला बघितलं की औषध घेत नाहीत."

मुलींना मी वर्गात हेच सांगते, वाक्य पुरं करा. तिने केलं. डोळे खाली घालून नाही, माझ्याकडे बघून केलं. त्या क्षणी ती मला पहिल्यांदा आवडली.

तिने सकाळची पाळी मागून घेतली आहे. ती कामावर असेल तेव्हा त्यांच्या घरातली बाई, दुपारपासून ती. मी विचार करते म्हटलं. निखिल, "यल्ला, विचार कर, पण लवकर कर."

१० मार्च, सोमवार

शाळेत आठवीला नागरिकशास्त्र. विश्वासदर्शक ठराव. एका मुलीने विचारलं, "मॅम, गव्हर्न्मेंट पडल्यावर नवं येईपर्यंत कोण?" उत्तर दिलं. फळ्यावर लिहिलंही.

१५ मार्च, शनिवार

त्याच उत्तराने आठवडा निघाला. मंगळवारी सकाळी प्र. चहाला हात लावेना तेव्हा म्हटलं, "माननीय, सरकार पडलंय. नवं येईपर्यंत मी काळजीवाहू."

विचार केला त्याने. मान्य. पण नियम सांगितले: काळजीवाहूने निर्णय घ्यायचे नसतात. नवं काही सुरू करायचं नाही, जुनं काही मोडायचं नाही, रोजचं चालू ठेवायचं. म्हणून मी आता काही ठरवत नाही. साखर किती, विचारते. खिडकी उघडू का, विचारते. गोळी 'मागील सरकारचा निर्णय' म्हणून देते. दोन दिवस घेतो, एक दिवस नाही. त्या दिवशीची रीटा फोनवर, व्हिडिओत उभी राहून, घ्यायला लावते.

काळजीवाहू. शब्द कोणी केला असेल? काळजी करणारा म्हणायचं सोडून काळजी वाहणारा म्हटलंय.

डोक्यावर हंडा घेतल्यासारखं वाटतं खरं. मान वळवता येत नाही.

१९ मार्च, बुधवार

रीटा फोनवर, "मम्मी, डॅडींना काय काय आवडतं, सांगून ठेवा हां. मी लिहून घेते."

सांगू लागले. बोलताना लक्षात आलं, त्यातलं बरंचसं त्याला आता आवडत नाही. पण सांगितलं. भेंडी बारीक चिरलेली. उशी पातळ. आंघोळीआधी रेडिओ. टॉवेल गरम लागतो. भाषण करत असेल तर मध्ये बोलायचं नाही.

"ते मला जमतं," रीटा म्हणाली. "हॉटेलात दिवसभर तेच."

२३ मार्च, रविवार

सकाळी प्र. प्रसन्न. ऊन बाल्कनीच्या अर्ध्यात. काळजीवाहूने चहा दिला. मी सहज विचारावं तसं विचारलं, अगदी खालच्या आवाजात, "चौथं सरकार का टिकलं हो?"

त्याने लगूनकडे पाहिलं. पेला दोन्ही हातांत. मला वाटलं, विसरला.

"विरोधक दमले."

"आणखी?"

"आणखी काही नाही. दमले ते. त्यांना घरी जाऊ द्या."

बिस्किट बुडवलं, तुटून पेल्यात पडलं, चमच्याने काढून दिलं.

पुस्तकाविषयी बोलला की माझ्याविषयी?

२४ मार्च, सोमवार

दोन्ही खंड काढले. भिंग घेऊन बसले. बारीक टाइप, कागद पिवळा, प्र.च्या पेन्सिलीच्या खुणा. चौथ्या सरकारच्या पहिल्या वर्षाची भाषणं वाचली. विरोधक बोलतात, ओरडतात, ठराव आणतात. छापील भाषणांत कोणी दमलेलं दिसत नाही.

त्याच्या खुणाही तिथून पुढे नाहीत. पुढचा कागद स्वच्छ. मग त्याला तरी कारण माहीत होतं का? की मिशीत नुसताच हसत होता?

खोडून काढायला मी बसलेच होते. खोडायला काही नाही.

निखिलला फोन केला. पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, "आई, नीट विचार केलास ना?" काळजीवाहूने निर्णय घ्यायचा नसतो, आणि मी घेतला होता. "हो," म्हटलं.

३० मार्च, रविवार

आज पाडवा आणि आजच ईद. बाल्कनीत गुढी, खाली कॉर्निशवर नवे कपडे घालून अख्खं शारजा. गुढीला वेळूऐवजी पडद्याचा दांडा, दरवर्षीप्रमाणे. दरवर्षी दांडा प्र. बांधतो. ह्या वर्षी रीटाने धरला, मी बांधला. गाठ तिला येत नव्हती, दाखवली.

प्र. गुढीसमोर ताठ उभा राहिला. "अधिवेशन सुरू झाल्याचं मी जाहीर करतो."

रीटाने कडुलिंब आणि गूळ त्याच्या हातावर ठेवला. खाल्ला, तोंड वाकडं केलं. मग हाताने माझ्याकडे दाखवून तिला म्हणाला, "सन्माननीय सदस्यांनाही द्या. त्याही सकाळपासून इथेच आहेत."

दिला तिने. मी खाल्ला.

इरा मला कोपऱ्यात, "आजी, इज ही अँग्री विथ यू?"

"नाही गं. आमचं कॉलेजपासूनचं आहे."

"देन व्हाय आर यू नॉट कमिंग विथ अस?"

मराठीत विचार म्हटलं. मराठीत तिला विचारता येईना. तेवढ्याने सुटले.

२ एप्रिल, बुधवार

बॅग भरायला काढली की प्र. प्रत्येक वस्तू बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवतो. घडी करून. तो झोपल्यावर भरते, दुपारी.

खादीचा झब्बा सापडला. तोच असेल असं नाही, नंतरही असे दोनतीन झाले. इस्त्री केली.

डॉक्टरला फोन. किती दिवस लांब राहायचं? "देखते हैं, मॅडम. कभी कभी भूल जाते हैं कि झगडा था." आणि भांडणाबरोबर मलाही विसरला तर, हे विचारलं नाही. तिला त्याचं उत्तर माहीत असेल असं वाटलं म्हणून.

५ एप्रिल, शनिवार

नेलं.

सकाळी स्वतः गोळी दिली नाही. रीटा आल्यावर तिने दिली. म्हणजे आजची झाली आहे. मी ओट्याशीच राहिले, त्याच्या नजरेसमोर कमी. त्याने मात्र दोनदा स्वैपाकघरात डोकावून पाहिलं.

शाळेची सुट्टी लागेपर्यंत तिकडे, मग बघू, असं ठरलं आहे. निखिल बघू म्हणाला.

लिफ्टपर्यंत गेले. निखिल सामान घेऊन आधीच खाली. व्हीलचेअर मांडीमुळे. रीटा त्याच्या मागे उभी, दांडे धरून, मी बाहेर. दार मिटायला लागलं तेव्हा प्र.ने मान वर केली आणि म्हणाला, "तू जेवलीस का?"

रीटा म्हणाली, "हो डॅडी."

रीटाला तो आपण म्हणतो. दार मिटलं.

सुपूर्द केलं, रीटाच्या हाती, तिने एकेक बघून घेतलं:

गोळ्यांचा डबा, वारांप्रमाणे भरलेला. डॉक्टरचे कागद, एक्स-रे.

चष्मे दोन्ही. वाचायचा आता लागत नाही, तरी.

काठी. पातळ उशी. रेडिओ.

खादीचा झब्बा, इस्त्रीचा.

वरणाचा डाव. इथलाच पाहिजे म्हणाली, त्याचा आवाज त्याला ओळखीचा आहे.

साहेबाचे खंड दोन.

रेक्झिनची बॅग. आत प्रकरणं तीन. चौथ्याचा मथळा आणि खाली कोरे कागद. मथळ्याखाली मी पेन्सिलीने एक ओळ घातली आहे: 'विरोधक दमले. (लेखकाचं म्हणणं. पुरावा सापडला नाही.)' लाल पेन वापरलं नाही.

प्र.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. जेवले नव्हते.